सहा आणि आठच्या मध्ये

१

युरोपला निघायच्या महिनाभर आधी, एका शनिवारी सकाळी, ही मंडळी नवे बूट रुळवायला म्युझियममध्ये जात. तिकडे ज्या बुटांनी दगडी रस्ते तुडवायचे तेच बूट पायात, तीच सॅक पाठीवर, तिच्यात तीच पाण्याची बाटली आणि तीच चिवड्याची पिशवी. अबुधाबीतलं एखादं म्युझियम गाठायचं आणि चार तास थंडगार फरशीवर चालायचं, उभं राहायचं, पुन्हा चालायचं. ज्याचे पाय कुरकुरतील त्याला बूट बदलायला महिना मिळतो. मुरलीधर याला रंगीत तालीम म्हणायचे.

सगळी कल्पना त्यांचीच. मुरलीधर एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन होते. सव्वीस वर्षं त्यांनी या देशातल्या टॉवरांची तळघरं काढली. पार्किंगचे मजले, पंपांच्या खोल्या, कचऱ्याच्या खोल्या. कोणी मान मागे टाकून एखादी इमारत बघू लागलं की ते म्हणायचे, "माझं काम खाली आहे." म्हणून वर्षातून सहा दिवस त्यांना वर बघायचं असायचं. दहा दिवसांत दहा देश हा प्रकार त्यांना मंजूर नव्हता. एक वर्ष, एक शहर. तिथल्या इमारती, तिथली म्युझियमं, बस. व्हिएन्ना झालं, प्राग झालं, लिस्बन झालं. यंदा ऑक्टोबरात फ्लॉरेन्स.

माणसं अकरा, आणि प्रत्येकाला कायमचा नंबर. बसमध्ये चढल्यावर, दालनातून निघताना, चौकात पांगण्याआधी आणि पांगून परत आल्यावर, ज्याने त्याने आपला नंबर ओळीने बोलायचा. एक म्हणजे रामेश्वर, दोन त्यांची बायको सत्यभामा, शेवटचा अकरा त्यांची मुलगी समिधा. सात मुरलीधर. आठ त्यांची बायको कुंदा. व्हिएन्नात सुजीतने गंमत म्हणून आपल्या पाचाबरोबर बायकोचा सहाही बोलून टाकला, आणि नर्मदा कोट ठेवायच्या खोलीतच राहिली. बस तिला सोडून तीन किलोमीटर पुढे गेली होती. त्या संध्याकाळी मुरलीधरांनी नियम केला. दुसऱ्याचा नंबर कोणी बोलायचा नाही. नंबर आला नाही, तर गाडी हलायची नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी मुरलीधर ऑफिसात, आपल्या टेबलाशी बसल्या बसल्याच गेले.

२

तालमीच्या आठवड्यात रामेश्वरांचा फोन आला. ते एका ऑइल कंपनीत पर्चेसला होते. नाजूक गोष्टसुद्धा ते मीटिंगमधल्या विषयासारखी काढत.

"वहिनी, एक छोटासा पॉइंट होता. नंबरांचा. म्हणजे सात आता व्हेकंट आहे ना. तर तुम्ही सात घ्या, मागचे एकेक पुढे सरकतील. टोटल दहा. क्लीन होऊन जाईल."

"नाही," कुंदा म्हणाली.

"अहो, मोजायला सोपं पडतं म्हणून आपलं."

"भाऊजी, मी आठ आहे. सहा झाल्यावर मी थांबेन आणि मग आठ म्हणेन. सगळ्यांनी तेवढं थांबायचं. एक श्वासभर. जमत नसेल तर मी येत नाही."

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला. "कुंदा, अगं तुझ्यापासून कोणी काही काढून घेत नाहीये," सत्यभामा म्हणाली. "पण असं रिकामं ठेवणार तरी किती दिवस?"

"मी आहे तोवर."

सहा महिन्यांत तिने पुष्कळ काही जाऊ दिलं होतं. गाडी विकली. बँकेतून नाव काढलं. त्यांचे बूट त्यांच्या साइटवरच्या महादूला दिले. तो राजापूरकडचा, पायाचं माप तेच. प्रत्येक ऑफिसातल्या खिडकीपलीकडच्या माणसाला फॉर्मवरची रिकामी चौकट खटकायची. "खलास मॅडम, काहीतरी भरून टाका," म्हणायचा. घरी येणारे लोक बोलण्यात जरा खंड पडला की घाईने तो बुजवायचे. मुरलीधर नाहीत, हे खरेपणाने सांगणारी कुठेतरी एक जागा हवी होती. सहा आणि आठच्या मधली ती श्वासभर जागा तिने त्यासाठी राखली होती, आणि ती जागा ती कोणालाही देणार नव्हती.

शनिवारी नऊला अबुधाबीतल्या खलिफा सिटीत बस आली. ड्रायव्हर दर वर्षीचाच, पेशावरचा अर्सलान.

"एक," रामेश्वर म्हणाले. दोन. तीन, चार, अल ऐनचं डॉक्टर जोडपं. सुजीतने पाच म्हटलं.

"सहा," नर्मदा म्हणाली.

एसीची घरघर. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टिंटिं आवाज. पुढच्या सीटवर सत्यभामेने पदर उगाच सारखा केला.

"आठ," कुंदा म्हणाली.

अर्सलानची पद्धत वेगळी. तो आरशात बघून डोकी मोजायचा. "दस," तो म्हणाला. "पूरे दस. यल्ला?"

"यल्ला," रामेश्वर म्हणाले आणि बस निघाली.

३

म्युझियम एका खाजगी संग्रहाचं होतं. पांढरी, कोरी इमारत. आत मात्र टस्कनीतल्या एका जुन्या हवेलीच्या पाच खोल्या होत्या. भिंती, छत, दारं, फरशी, सगळं सुटं करून, पेट्यांत भरून, जहाजाने आणून इथे पुन्हा जोडलेलं. खोल्यांना खिडक्या होत्या, पण खिडक्यांबाहेर काही नव्हतं. काचांमागे दिवे लावून कुठल्याशा दुपारचा उजेड केला होता.

प्रदर्शनाच्या तोंडाशी एमान नावाची मुलगी उभी होती. काळा अबाया, छातीवर बिल्ला, हातात मोजणीचं छोटं यंत्र. तिने पिवळ्या गोल स्टिकरांचा कागद पुढे केला. एक ते अकरा. आधीच छापलेले.

रामेश्वरांनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"वहिनी, मी बुकिंगसाठी लिस्ट फॉरवर्ड केली ना, ती गेल्या वर्षीचीच गेली. एडिट करायची राहिली. सॉरी. व्हेरी सॉरी."

"बाबा, सीरियसली?" समिधा पुटपुटली.

स्टिकर छातीवर लागले. कागदावर सात उरला. "एक जण यायचे आहेत का?" एमानने इंग्रजीत विचारलं.

"नाही," कुंदा म्हणाली. "ते येणार नाहीत."

एमान हातातल्या यंत्राकडे बघून ओशाळं हसली. तिने ते अकरा वेळा दाबून टाकलं होतं. "हे मागे नेता येत नाही, मॅडम. असू दे. अकरा तर अकरा."

कुंदाने सातचा स्टिकर कागदासकट फाडून घेतला आणि पर्समधल्या चेनच्या कप्प्यात ठेवला.

४

खोलीत शिरलं की आधी खाली बघायचं, हे मुरलीधरांनी तिला शिकवलं होतं. छत सजवतात, भिंती रंगवतात. फरशी नुसती झिजते. कोण कुठून आलं, कुठे उभं राहिलं, कुठे वळलं, सगळं तिच्यावर असतं.

पहिल्या खोलीची फरशी लाल मातीच्या विटांची होती. दाराजवळ तिला वाटीसारखा खोलगटपणा आला होता. कुंदा तिथे बराच वेळ उभी राहिली. मग छताकडे बघितलं. निळ्या लाकडावर सोन्याच्या चांदण्या, सगळ्या एका मापाच्या. मुरलीधर म्हणाले असते, कोणीतरी कंपास घेऊन आयुष्य काढलंय.

निघताना मोजणी झाली. म्युझियम म्हणून हळू आवाजात. सहा. श्वासभर थांबणं. आठ. सगळं ठरल्याप्रमाणे.

दुसरी खोली लहान होती, मालकाच्या अभ्यासाची. भिंतींवर अर्धवट उघडी कपाटं, कपाटांत पुस्तकं, एक पिंजरा, एक वाळूचं घड्याळ. आणि यातलं काहीच नव्हतं. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे शेजारी शेजारी बसवून तो भास केला होता.

"ओ माय गॉड, मावशी, इट्स कम्प्लीटली फ्लॅट!" समिधा नाक भिंतीला लावायला गेली.

"लांबून, लांबून," तिच्या आईने तिची सॅक धरून मागे ओढलं. "तिकडे फ्लॉरेन्समध्ये असं केलंस तर पोलीस येतील."

"चांगलं आहे. फ्री राइड."

सगळे हसले. कुंदाही हसली. भिंतीतल्या त्या कपाटांच्या सावल्यासुद्धा लाकडाच्या होत्या. तिने खाली बघितलं. एका भिंतीजवळ, जिथे लाकडी तुकड्यांचं एक दार अर्धं उघडं दाखवलं होतं, तिथल्या विटा झिजलेल्या होत्या. दार खोटं होतं, मागे सपाट भिंत होती, आणि विटा मात्र येण्याजाण्याने झिजाव्यात तशा. बसवणाऱ्यांनी इकडच्या विटा तिकडे लावल्या असतील. पेट्यांचे नंबर चुकतात. तिने मनातल्या मनात मुरलीधरांना हे सांगितलं आणि पुढे झाली.

"चला, काउंट," रामेश्वर हळूच म्हणाले. "एक."

दोन, तीन, चार, पाच.

"सहा."

"सात."

"आठ," कुंदा म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ती थांबली नव्हती. थांबायला जागाच नव्हती.

नऊ, दहा, अकरा. "परफेक्ट," रामेश्वर म्हणाले. "बघा कसं स्मूद झालं."

कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं.

५

मीच बोलले असेन, असं तिला आधी वाटलं. जीभ सवयीची असते. पण एका दमात दोन नंबर बोलले असते तर घशाला कळलं असतं. मग वाटलं, आवाज घुमला असेल. पण घुमणारा आवाज सहाचा सात करत नाही.

तिने नर्मदाला दाराशी गाठलं. "तुझ्यानंतर कोण बोललं गं?"

"सात ना? बोललं की कोणीतरी." नर्मदाच्या तोंडात चिवडा होता. मग तिचा हात थांबला. "अगं, हो की. सॉरी कुंदाताई. मला काही वाटलंच नाही बघ."

"सुजीत, तुम्ही?"

"मी?" सुजीतने दोन्ही हात कानांना लावले. "ताई, व्हिएन्नानंतर मी दुसऱ्याचा नंबर झोपेतसुद्धा बोलत नाही. हिने चार दिवस फक्त वेटरशी बोलणं ठेवलं होतं."

तो आवाज कसा होता, ते कुंदा आठवू लागली. पुरुषाचा नव्हता, बाईचा नव्हता. अनोळखी लिपीतला शब्द कोणी अक्षर अक्षर लावून वाचावा तसा होता.

तिसऱ्या खोलीत एक पलंग होता आणि चारी भिंतींवर रंगवलेली बाग. तिने बाग बघितली नाही. मोजणीची वेळ झाली तेव्हा ती मुद्दाम भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मागून कोणी बोलणार नाही, अशी. बाकी सगळे तिच्या समोर. नर्मदा दोन हातांवर.

"पाच."

"सहा."

शांतता. कुंदाने नर्मदाच्या ओठांकडे बघितलं, मग सुजीतच्या. सगळे मिटलेले. श्वास पुरा होत आला. तिच्या खांद्यांतला ताण सुटू लागला.

तेवढ्यात कोणीतरी घसा खाकरला. दोनदा, बारीक. खं, खं.

"सात."

या वेळी आवाज पुरुषाचा होता. मुरलीधरांचा नव्हता. पण त्या दिशेने बरंच अंतर चालून आला होता. आणि तो आला तिच्या आणि नर्मदाच्या मधून. तिथे दोन हात मोकळ्या फरशीशिवाय काही नव्हतं. बोलायच्या आधी दोनदा खाकरायची सवय मुरलीधरांची. प्रागमध्ये समिधा त्याची नक्कल करायची. पण समिधा आत्ता पलंगापाशी फोनमध्ये डोकं घालून होती.

"वहिनी?" रामेश्वर म्हणाले. "आठ?"

"भाऊजी, सात कोण बोललं?"

रामेश्वरांनी सत्यभामेकडे बघितलं. नवरा-बायकोची ती नजर कुंदाला आता पाठ झाली होती; सहा महिने ती जिथे जाईल तिथे भेटत होती. "आपण जरा बसूया का?" ते म्हणाले. "कॅफे आहे इथे."

कॅफेत सत्यभामेने बिल बघून कपाळाला हात लावला. "अठ्ठावीस दिरहमची कॉफी! पावणेसातशे रुपये झाले. सोन्याच्या चमच्याने ढवळतात का काय." मग ती कुंदाजवळ सरकली. "खरं सांगू? सकाळी बसमध्ये तू थांबलीस ना, माझ्या छातीत धस्स झालं. आता बरं वाटतंय. भरल्यासारखं."

"काय भरल्यासारखं?"

सत्यभामा गोंधळली. "मोजणी गं," ती म्हणाली.

६

कॅफेतून निघताना एमान लगबगीने आली.

"मॅडम, प्लीज, तुमच्या ग्रुपमधल्या एका सरांनी स्टिकर लावलेला नाही. नियम आहे. मी हाक मारली, पण ते वळले नाहीत."

"कोणते सर?"

"निळा शर्ट," एमान म्हणाली. "तुमच्या पुढे चालत होते ते."

कुंदाने तिच्याकडे बघितलं. मुलगी शहाणी, कामात चोख, थट्टा करणाऱ्यातली नव्हती. "बरं," कुंदा म्हणाली. "सांगते त्यांना." आणि आपण 'त्यांना' म्हणालो याचा तिला राग आला.

सात नंबरच्या मागे आठ. तीन शहरं ती मुरलीधरांच्या मागून चालली होती. चर्च, पूल, जिने, सगळं तिने त्यांच्या खांद्यावरून बघितलं होतं. ड्रॉइंग बोर्डावर वाकून उतरलेला डावा खांदा, कॉलरची कधीच न बसणारी मागची घडी, टाळूवरचा भोवरा. कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने ती पाठ काढून दाखवली असती.

चौथी खोली ती न बघता पार करून गेली. पाचवीत एकच वस्तू होती, भिंतभर रुंद आरसा. सोनेरी चौकट, पाऱ्याला जागोजागी काळे डाग. आरसा कमरेपासून वरचा. सगळी मंडळी त्याच्यासमोर गोळा झाली. समिधा सेल्फीसाठी जागा शोधत होती.

"मावशी, कम इन द फ्रेम!"

कुंदाने आरशात बघितलं. रामेश्वर. सत्यभामा. डॉक्टर दोघं. सुजीत, नर्मदा. दुबईचे आजी-आजोबा, नऊ आणि दहा. समिधा. सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे बघत होते, आरशात दिसतात तसे.

तिचा स्वतःचा चेहरा मात्र अर्धाच दिसत होता. अर्ध्यावर एक निळा शर्ट होता. उतरलेला डावा खांदा. मुडपलेली कॉलर. टाळूवर भोवरा.

सगळ्यांचे चेहरे दिसत होते आणि त्याची पाठ दिसत होती.

आधी खाली बघायचं. तिने खाली बघितलं. तिच्या समोरची फरशी मोकळी होती. तिने बूट मोजले, सगळे नवे, सगळे तालमीचे. दहा जोड. पुन्हा मोजले. दहा.

मग तिने पुन्हा आरशात बघितलं, कारण न बघणं तिला भ्याडपणाचं वाटलं. पाठ तिथेच होती आणि पाठ बरोबर होती. कॉलरच्या घडीपर्यंत बरोबर. पाठ त्याला जमली होती. आवाज जमत आला होता. तोंड अजून जमलं नसावं.

डावा खांदा किंचित हलला. वळायच्या आधी हलतो तसा.

"तू ते नाहीस," कुंदा म्हणाली.

एकोणतीस वर्षांत तिने मुरलीधरांना कधी 'तू' म्हटलं नव्हतं. ती वळली आणि त्या खोलीतून चालत बाहेर पडली. धावली नाही.

७

बाहेर दीडचं ऊन पांढरं झालं होतं. मंडळी बसमध्ये चढली. कुंदा नेहमीच्या सीटवर बसली. खिडकीची जागा मुरलीधरांची, म्हणून तिने तिथे सॅक ठेवली होती. थोड्या वेळाने बघते तर सॅक तिच्या मांडीवर होती. उचलल्याचं तिला आठवत नव्हतं. शेजारच्या सीटचं रेक्झिन करकरलं, कोणी टेकल्यावर करकरतं तसं.

अर्सलानने आरशात बघत बोटं मिटली. "ग्यारह. पूरे."

"अर्सलानभाई," कुंदा म्हणाली, "सुबह कितने थे?"

"सुबह?" त्याने मान खाजवली. "सुबह तो शायद दस बोला था मैंने. गलती हो गई होगी."

"चला, फायनल काउंट," रामेश्वर म्हणाले. "एक."

"दोन."

कुंदाला कळलं की आता तिच्यापाशी चार नंबरांएवढा वेळ आहे. सहानंतर ती थांबली की शेजारचं ते जे काही होतं ते बोलणार. या वेळी आवाज पुरता जमलेला असेल.

"तीन."

आणि तिला तो आवाज ऐकायचा होता. हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. सहा महिने ती ज्याच्यासाठी फोनमधले जुने व्हॉइस मेसेज कानाला लावून बसत होती, तो आवाज शेजारच्या सीटवरून एकदा, एकच शब्द. मग ती वळून बघेल. मग तेही वळेल.

"चार."

ते तिच्याबरोबर घरी येईल. फ्लॉरेन्सला येईल. सगळे म्हणतील, बघ, कसं भरल्यासारखं वाटतं. खरे मुरलीधर मग कुठे असतील? ते नाहीत, हे सांगायलासुद्धा जागा उरणार नाही.

"पाच."

तिने पर्सची चेन उघडली. स्टिकरचा कागद सोलला.

"सहा," नर्मदा म्हणाली.

कानाजवळ, अगदी कानाजवळ, खं, खं.

"सात!" कुंदा म्हणाली.

ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की अर्सलानने वळून बघितलं. ती उभी राहिली होती. आठच्या शेजारी तिने छातीवर सातचा स्टिकर दाबून बसवला. "सात. आणि आठ. दोन्ही माझे. ज्याला हवा असेल त्याने आधी माझ्याशी बोलावं."

मुरलीधरांचा नियम होता, दुसऱ्याचा नंबर कोणी बोलायचा नाही. तो आज तिने मोडला होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"नऊ," मागून आजोबा अडखळत म्हणाले. मग दहा. मग समिधा, बारीक आवाजात, "अकरा."

अर्सलान आरशात बघत होता. त्याने बोटं पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. डोळे चोळले. "दस," तो म्हणाला. "माफ करना. दस ही हैं. धूप से आया था ना."

बस निघाली. कुंदाने सॅक शेजारच्या सीटवर ठेवली. ती तिथेच राहिली.

सत्यभामा उठून आली. तिचे डोळे भरले होते. तिने कुंदाचा हात दाबला. "शहाणी गं माझी. मोकळी झालीस आता."

कुंदाने तिला तसं वाटू दिलं. ज्या श्वासभर जागेसाठी ती सगळ्यांशी भांडली होती, ती आज तिने स्वतःच्या हाताने बुजवली होती. तिला रडू आलं नाही. राग आला होता, आणि तो ती जपून ठेवणार होती. पुढे लागणार होता.

"वहिनी," उतरताना रामेश्वरांनी विचारलं, "फ्लॉरेन्सचं मग? नक्की ना?"

"नक्की. आणि सातही मीच बोलणार. सहा झाले की लगेच. मध्ये अजिबात थांबायचं नाही."

"श्युअर, वहिनी. जसं तुम्ही म्हणाल."

८

घरी पोचली तेव्हा तीन वाजले होते. तिने दार लावलं, उंबऱ्याशी स्टुलावर बसली आणि बुटांची नाडी सोडू लागली. पाय दुखत नव्हते. बूट चांगले होते.

घरात शांतता होती, रोजचीच. फ्रिज बंद पडून पुन्हा सुरू झाला.

आतल्या खोलीतून कोणीतरी घसा खाकरला. दोनदा, बारीक.

मग काही नाही. एक श्वासभर. ती जागा तिला ओळखीची होती. तिचं माप तिनेच ठरवलं होतं.

"सात," कुंदा म्हणाली. नाडी हातात तशीच होती. "आठ."

फ्रिज घरघरत राहिला. ती उठली, आतल्या खोलीत गेली, पडदे सरकवले, कपाटाची दोन्ही दारं उघडून बघितली आणि तशीच उघडी ठेवली. कोणी नव्हतं. तिने छातीवरचे स्टिकर काढले नाहीत. स्वयंपाकघरात गेली, पातेल्यात एक कप पाणी ओतलं आणि गॅस पेटवला.

पाण्याला आधण यायच्या आत, बाहेरच्या खोलीतून, खं, खं.

"सात," ती म्हणाली, आणि चहाची पूड टाकली.